निर्णय यंत्राचा, उत्तर कोणाचें?

ज्या घरांत परीक्षेचा निकाल यावयाचा असतो त्या घराची स्थिति वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मुलगी पानावर बसते, पण तिचें लक्ष पानावर नसतें. वडील तेंच वर्तमानपत्र पुनःपुन्हा उलटें-सुलटें करतात. आणि आई कांहींच न बोलतां दहादां दाराकडे पाहते. या वाट पाहण्याच्या मागें एक विश्वास असतो. आपण लिहिलेलें कोणी तरी जाणत्या माणसानें वाचलें असेल, त्याचें मोल त्यानें आपल्या बुद्धीस स्मरून ठरविलें असेल, आणि तें योग्य मुदतींत आपल्या हातीं पडेल, हा तो विश्वास होय. परीक्षा म्हणजे विद्यार्थ्याची कसोटी, एवढाच अर्थ आपण सहसा घेतों. परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें दिलेलें तें एक वचनही असतें, हें आपण विसरतों. तें वचन पाळण्याचें काम संस्थेनें यंत्राकडे सोंपविलें, आणि वचन मोडलें, तर दोष कोणाचा? यंत्राचा, यंत्र पुरविणाराचा, कीं सोंपविणाराचा? हा प्रश्न केवळ कारभाराचा नसून नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

उदाहरण घरचेंच घेऊं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेल्या या संस्थेचें आरंभीचें काम शिकविण्याचें नव्हतेंच. शिकवीत कॉलेजें, आणि विद्यापीठ परीक्षा घेऊन पदव्या देई. १८६२ सालीं बी. ए.च्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चार पदवीधर बाहेर पडले. त्याच विद्यापीठास २०१७ सालच्या उन्हाळ्यांत ४७७ परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या. चारांपासून लाखांपर्यंतचा हा विस्तार अभिमानाचाच आहे. ज्या घरांत तीन पिढ्यांपूर्वीं अक्षरओळख नव्हती त्या घरांतील मुली आज पदव्या घेत आहेत. परंतु संस्थेचा पसारा वाढला म्हणजे तिच्या वचनाचा भारही वाढतो, आणि तो वाहणारे खांदे त्या मानानें वाढले नाहींत तर ओझें कोठें तरी कोसळावयाचेंच.

निकाल उशिरां लागतात ही तक्रार जुनी होती. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागावा, असें कायद्याचें म्हणणें. एकीकडे हा कायदा, दुसरीकडे पालकांचा तगादा, अशा कात्रींत सांपडलेल्या विद्यापीठानें त्या वर्षीं एकदम ठरविलें कीं, साऱ्या उत्तरपत्रिका स्कॅन कराव्या आणि अध्यापकांनीं त्या संगणकाच्या पडद्यावर तपासाव्या. परीक्षांचा हंगाम चालू असतांनाच कंत्राट ठरलें. पुढें काय झालें तें मुंबई व कोंकणांतील हजारों घरांस ठाऊक आहे. कोठें कागद स्कॅन व्हावयाचे राहिले, कोठें उत्तरपत्रिकांचा मेळ बसेना, कोठें यंत्रणाच बंद पडे. कुलपति या नात्यानें राज्यपालांनीं ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. तपासणीसाठीं कॉलेजांतील तास बंद ठेवावे लागले, इतर विद्यापीठांतील अध्यापकांचें साहाय्य घ्यावें लागलें, आणि शेवटचे निकाल लागतां लागतां सप्टेंबर उजाडला. परदेशीं किंवा परप्रांतीं पुढील शिक्षणास निघालेल्यांचे जीव तोंवर टांगणीस लागले होते. ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें.

येथें कोणी म्हणेल, पाहा, हें यंत्राच्या नादीं लागण्याचें फळ! आमचें मत तसें नाहीं. पडद्यावरील तपासणींत गुण स्पष्ट दिसण्याजोगे आहेत. बेरजेची चूक टळते. गठ्ठे गांवोगांव हिंडवावे लागत नाहींत. कोणता कागद कोणीं केव्हां पाहिला याची नोंद राहते. आणि मुख्य म्हणजे वाचणारा माणूसच असतो, यंत्र केवळ कागद त्याच्यापुढें आणून ठेवतें. छापखाना आला तेव्हां पोथ्यांचें पावित्र्य गेलें म्हणून हळहळणारे लोक होतेच. त्यांच्या पंक्तीस जाऊन बसण्याची आमची इच्छा नाहीं. शिवाय जुन्या पद्धतीनेंही निकाल वेळेवर लागत नव्हते, हें कबूल केलें पाहिजे.

मग चुकलें कोठें? शहाणा शेतकरी नवें बियाणें पहिल्याच वर्षीं सगळ्या वावरांत पेरीत नाहीं. तो एका कोपऱ्यांत पेरून पाहतो. कारण पीक बुडालें तर उपाशी राहावयाचें तें त्यालाच, हें तो जाणून असतो. विद्यापीठाच्या कारभारांत नेमका हाच दुवा तुटलेला असतो. धाडस करणारा एक आणि बुडणारा दुसरा. निर्णय घेणाराचें वर्ष जात नाहीं. तें विद्यार्थ्याचें जातें. आपल्या घाईची किंमत ज्यास विचारलें नाहीं त्याच्या खिशांतून भरणें, यास व्यवहारांत काय म्हणतात तें वाचक जाणतातच. मनुष्य हा दुसऱ्याच्या हेतूचें केवळ साधन होतां कामा नये असा सिद्धांत जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें मांडला. १७ लाख उत्तरपत्रिकांवर एकाच वेळीं केलेला प्रयोग म्हणजे त्या तत्त्वाचाच भंग होय, मग प्रयोग करणाराचा हेतु कितीही निर्मळ असो.

यावर असें उत्तर येईल कीं, कुलगुरूंस पद सोडावें लागलें, मग उत्तरदायित्व सिद्ध झालेंच कीं नाहीं? आमच्या मतें येथें दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. शिक्षा ही घटनेनंतरची. उत्तरदायित्व हें घटनेपूर्वींचें. उत्तर देणें म्हणजे निर्णयाच्या आधीं प्रश्न ऐकून घेणें. हे प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे अधिसभा, आपण जिला सिनेट म्हणतों ती. महाराष्ट्राचा नवा विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून अमलांत आला, आणि त्याप्रमाणें मुंबईस पदवीधरांच्या प्रतिनिधींची निवडणूक झाली ती मार्च २०१८ मध्यें. म्हणजे एवढा मोठा निर्णय झाला तेव्हां नव्या कायद्यानें योजिलेली अधिसभा पुरती उभीच राहिलेली नव्हती. घरांत वडील माणूस नसतांना झालेल्या व्यवहारासारखा हा व्यवहार झाला. अशा स्थितींत एकट्या व्यक्तीस घालवून संस्थेचें मन हलकें होईल, पण पुढच्या चुकीस आळा बसणार नाहीं.

मुंबईच्या प्रकरणांत यंत्र हमाल होतें. तें न्यायाधीश झालें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत २०२० सालीं घडलें. करोनाच्या सांथीमुळें तेथें ए-लेव्हलची परीक्षाच झाली नाहीं. आणि विद्यापीठांचे प्रवेश तर त्याच गुणांवर अवलंबून. शिक्षकांनीं आपापल्या विद्यार्थ्यांच्या श्रेणी सुचविल्या, पण त्या सढळ असतील या भयानें एक गणिती सूत्र लावण्यांत आलें, आणि त्यांत शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांस मोठें वजन दिलें. १३ ऑगस्टला निकाल लागले तेव्हां शिक्षकांनीं सुचविलेल्या श्रेणींपैकीं जवळजवळ ४० टक्के खालीं आलेल्या दिसल्या. जेथें एखाद्या विषयास पांच किंवा त्याहून कमी विद्यार्थी होते तेथें शिक्षकांचें मत तसेंच मानलें गेलें. आणि असे लहान वर्ग फी घेणाऱ्या शाळांत विशेष. गरीब वस्तींतील हुशार मुलास मात्र त्याच्या शाळेच्या पूर्वेतिहासानें खालीं ओढलें. मुलें रस्त्यावर आलीं, आणि १७ ऑगस्टला सरकारास माघार घ्यावी लागली. सूत्र लिहिणारे लबाड नव्हते. एकंदर निकाल मागील वर्षांशीं जुळावा ही त्यांची इच्छा होती, आणि बेरजेच्या दृष्टीनें तो जुळलाही असेल. परंतु न्याय हा बेरजेचा होत नाहीं. तो एकेकाचा होतो. ‘मला ही श्रेणी कां?’ या प्रश्नास ‘तुझ्या आधींच्या मुलांमुळें’ हें उत्तर कोणत्याही शिक्षकास विद्यार्थ्याच्या डोळ्याला डोळा देऊन देतां येणार नाहीं.

या दोन्ही प्रकरणांतून आम्हांस जो नियम निघतांना दिसतो तो असा: ज्या कामाविषयीं ‘असें कां?’ या प्रश्नाचें उत्तर संस्था स्वतःच्या मुखानें देऊं शकत नाहीं, तें काम तिनें दुसऱ्याच्या हातीं देऊं नये, मग तो दुसरा कंत्राटदार असो वा गणित असो. काम सोंपवितां येतें. उत्तर सोंपवितां येत नाहीं. लग्नघरीं आचारी बोलाविला म्हणून पंक्तींत कच्चें वाढल्याचा दोष यजमानाचा राहत नाहीं काय?

हा नियम पाळला तर सुधारणा कधींच व्हावयाची नाहीं, सभांत आणि समित्यांत सारें कुजत पडेल, अशी भीति कित्येकांस वाटते. आणि ती अगदींच निराधार नाहीं. चर्चेच्या नांवाखालीं वर्षेंच्या वर्षें लोटणाऱ्या सभा आम्हीही पाहिल्या आहेत. परंतु विचारपूस आणि वेळकाढूपणा एक नव्हेत. एका विद्याशाखेंत आधीं करून पाहावें. नवी वाट पक्की होईपर्यंत जुनी मोडूं नये. आणि बिघाड झाल्यास विद्यार्थ्यानें कोणाकडे जावें, त्याचें नुकसान कसें भरून निघावें, हें आरंभींच ठरवून जाहीर करावें. एवढें करण्यास फार तर एक वर्ष अधिक लागेल. तें वर्ष संस्थेचें जाईल, विद्यार्थ्याचें जाणार नाहीं. आणि जावयाचेंच तर तेंच जाणें न्यायाचें.

शेवटीं एक गोष्ट आपल्या स्वतःविषयीं. निकालास उशीर झाला कीं आपण संतापतों. पण निकाल कसा लागला हें विचारणारे आपल्यांत किती? आपला प्रश्न सदा ‘केव्हां?’ हा असतो, ‘कसें?’ हा क्वचितच. ज्या घाईनें विद्यापीठाचा पाय घसरला तिचा एक अंश आपल्या दिवाणखान्यांतून गेलेला होता, हें नाकारून चालणार नाहीं. आपल्या घरोघरीं पदव्यांच्या सनदा चौकटींत लावलेल्या असतात. परंतु विद्यापीठाच्या निवडणुकींत मत देतां यावें म्हणून पदवीधर या नात्यानें नांव नोंदविणारे आपल्यांत थोडेच. अधिसभेंतील ती जागा आपली आहे. ती आपण रिकामी ठेवली तर तेथें कोणीही येऊन बसेल, किंवा कोणीच बसणार नाहीं. आणि मग पुढच्या उन्हाळ्यांत कोणा मुलीस आपल्या निकालाचें कारण विचारावेंसें वाटलें, तर तिच्यापुढें फक्त एक पडदा असेल. पडद्यास प्रश्न समजत नाहीं. ज्यांस तो समजतो त्यांनीं त्या खुर्च्यांवर असावें, एवढी काळजी वाहणें हें तिच्या वडीलधाऱ्यांचें, म्हणजे आपलें, काम आहे.