लिंबूटिंबू

अंगणातल्या खेळात धाकटं भावंड घुसलं की आपल्याकडे त्याला लिंबूटिंबू करतात. त्याला पळायला मिळतं, ओरडायला मिळतं. पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी मोठ्या माणसाने न शिकवता पोरांनीच केलेली ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. पण तिच्यात एक मेख आहे. धाकटं वर्ष-दोन वर्षांत गड्यांमध्ये मोजलं जातं. ज्याचा पाय अधू, ज्याची बोली वेगळी, जे पलीकडच्या वस्तीतून येतं, ते मात्र लिंबूटिंबूच राहतं. खेळात असतं, हिशेबात नसतं.

शिकागोत बालवर्गाला शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी नेमकं हेच दुखणं हेरलं. कुणालाही ‘तू आमच्यात नकोस’ म्हणायचं नाही, असा नियमच त्यांनी वर्गात केला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आधी त्यांनी वरच्या इयत्तांतल्या मुलांना विचारलं होतं. नियम न्याय्य आहे, पण चालायचा नाही, असा त्या मुलांचा सूर होता. (मोठ्यांच्या सभांतून हा सूर आपल्या चांगला ओळखीचा आहे.) बालवर्गात मात्र नियम चालला. एकट्या पडणाऱ्या मुलाला रोज कुणाची तरी मर्जी सांभाळायची गरज उरली नाही.

ताराबाई मोडक तर त्याआधी जवळजवळ अर्धशतक याच्याही पुढे गेल्या होत्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा हरिजन वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा काढली. गुरं राखणाऱ्या पोरांमागे शिक्षक माळावर जाऊ लागले. आपली जागा न सोडता केलेलं स्वागत त्यांना पुरेसं वाटलं नाही.

आता २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. प्रवेश होतात, आणि शिक्षकांच्या खोलीत त्या मुलांचं नाव पडतं ‘आरटीईची मुलं’. बाकीची पोरं हे ऐकत असतात आणि मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा लवकर शिकतात. शाळांना एवढंच सांगणं आहे: यंदाच्या स्नेहसंमेलनात या मुलांना मागे झाडं म्हणून उभं करू नका, बोलायची कामं द्या.