अकरा पाकिटं

नागपुरातल्या सदरचा एक मुलगा मँगनीजचे नमुने तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत कामाला होता. खाणीतून आलेला दगड फोडायचा, दळायचा, भुकटी पाकिटात भरायची आणि वर खाण, थर, तारीख लिहायची. घरी येईस्तोवर नखांपर्यंत काळा व्हायचा. रविवारी मात्र पांढरा सदरा घालून चर्चच्या गायकवृंदात उभा राही. सोमवार उजाडला की तोंड उतरे.

एका शनिवारी तो आजोबांना म्हणाला, "आबा, नोकरी सोडतो मी. मले प्रभूची सेवा करायची आहे. दगडाच्या चिठ्ठ्या लिहून काय होते? काल तर सरावाला उशीर होऊन राहिला होता, तर अकरा पाकिटांवर थर अंदाजानंच लिहून टाकले. कोण पाहते?"

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारत, आवाज ऐकत जायचं, हे त्यांचं जन्माचं काम. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं आहे, तो माणूस कोण होता सांग बरं."

"मिशनरी."

"अन् दगड गोळा करणारा."

स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. पुढच्याच वर्षी शाळा काढली. पण शाळेतून मोकळे झाले की ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर टाकळीच्या बाजूला फिरायला निघत, आणि तिथल्या खडकांत त्यांना जीवाश्म सापडले. मांगली गावच्या दगडातली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी त्यांनी लंडनला पाठवली. तिथले अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन करून 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिलं. आता, नागपूरजवळचा दगड लंडनच्या माणसाच्या कामाला यायचा, तर तो कुठून, कोणत्या खडकातून काढला याचं टिपण हवं आणि ते खरं हवं. नाहीतर तो नुसता धोंडा.

गोंडांबद्दलही हिस्लॉप असंच टिपून ठेवत: भाषा, चालीरीती, लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचं गीत. हे काम पुरं झालं नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय 45. त्यांचे कागद ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी संपादून 1866 मध्ये छापले. मला विचाराल तर हिस्लॉप यांची खरी ओळख कॉलेजच्या पाटीपेक्षा या कागदांत आहे. लिहिणारा विचारायला उरला नव्हता, तरी दुसऱ्याला त्यावरून पुस्तक करता आलं.

आबांनी हे एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांनी दगडांचं आणि पुराचं सांगितलं. मुलगा ऐकणारा नव्हताच. "पण तो मिशनरी होता, आबा. मी नोकर आहे."

"बायबल उघड. पौलानं कलस्सैकरांना मन लावून काम करायला सांगितलं, ते कोणाले? पाळकांना नाही. दासांना. ज्यांच्या कामाले कोणी विचारत नव्हतं त्यांना." मग जरा थांबून म्हणाले, "तुले पाचारण असंल तर मी अडवत नाही. सोड नोकरी. पण ती अकरा पाकिटं नीट करून सोड."

मुलाला हे पटलं असं नाही. रागावूनच तो सोमवारी गेला आणि साहेबांना खरं ते सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. मँगनीजचा भाव त्यातल्या टक्क्यांवर ठरतो. चुकीच्या चिठ्ठीनं कुणाचा तरी पैसा बुडतो. राखीव नमुने काढून, खाणीच्या चलनाशी एकेक नंबर ताडून सगळं पुन्हा करायचं ठरलं. पहिल्या सातांतच तीन अंदाज चुकलेले निघाले. तिसऱ्या चुकीनंतर त्याची बडबड बंद झाली. हात धुऊन त्यानं नवं पाकीट घेतलं आणि थराचा आकडा दोनदा वाचून लिहिला.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. सराव सुरू व्हायचा होता, बाकी सगळे येऊन बसले होते.

"अजून चार राहिले आहेत, पाळकसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही सुरू करा."