समासातले सोसेकी

जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी 9 डिसेंबर 1916 रोजी पोटाच्या अल्सरने गेले. दुसऱ्या दिवशी तोक्योच्या विद्यापीठात शवविच्छेदन झालं आणि त्यांचा मेंदू काढून जपून ठेवला गेला. प्रतिभा बरणीत भरून तपासता येईल, अशी ही भाबडी समजूत. पण तिला हसायचा हक्क साहित्याच्या अभ्यासकांना नाही. लंडनमधली दोन वर्षं, मनाचा आजार, पत्नी क्योको यांच्या आठवणींत आलेले संतापाचे झटके, एवढ्या भांडवलावर त्यांनीही कितीतरी वर्षं कादंबऱ्यांची निदानं केली.

1985 मध्ये या पद्धतीला धक्का बसला. सोसेकींची 'कोकोरो' (1914) ही कादंबरी जपानी मुलं शाळेतच वाचतात, पण पाठ्यपुस्तकात बहुधा शेवटच्या भागातले, 'सेन्सेई' (गुरुजी) या पात्राच्या मृत्युपूर्व पत्रातले उतारेच असतात. मित्राशी केलेली दगाबाजी, टोचणी, आत्महत्या. तरुण अभ्यासक कोमोरी योइची यांनी विचारलं, की हे पत्र ज्याच्या हाती पडलं, त्या तरुणाचं पुढे काय झालं? कथा तर तोच सांगतो आहे, आणि तीही सेन्सेई गेल्यानंतर. तो आणि सेन्सेईंची विधवा पुढे एकत्र राहिले असावेत, असं कोमोरींनी संहितेच्याच आधारे मांडलं. मोठा वाद झाला. मला हे अनुमान ताणलेलं वाटतं. तरी ज्या बाईपासून सगळं लपवलं गेलं, तिचा स्वतंत्र विचार करणं त्यामुळे भाग पडलं, हे मोलाचं.

म्हणून चरित्राला सुट्टी द्यावी असं मात्र नाही. सोसेकींची सुमारे 3,000 पुस्तकं सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात आहेत. त्यांचे शिष्य कोमिया तोयोताका तिथल्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. युद्ध चालू असताना त्यांच्या खटपटीने ती तोक्योहून हलवली गेली, आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात सोसेकींचं घर जळालं. समासांत इंग्रजी-जपानीत शेरे आहेत. छापील मजकुराशी हुज्जत घालणारा वाचक तिथे भेटतो. चरित्र हवं तर या जातीचं हवं.

अशीच संधी आणखी एका जपानी कादंबरीकाराबाबत आहे: ओए केन्झाबुरो यांची 18,000 हून अधिक हस्तलिखित पानं आता तोक्यो विद्यापीठात अभ्यासकांसाठी खुली आहेत. 1963 मध्ये त्यांचा मुलगा मेंदूतलं व्यंग घेऊन जन्मला आणि पुढच्याच वर्षी तशाच बापाची कादंबरी आली. त्या दोहोंचा मेळ घालण्यात साठ वर्षं गेली. लिहिलेलं पुन्हा पुन्हा मोडून लिहिणाऱ्या या माणसाने काय खोडलं आणि का, इकडे आता कुठे लक्ष वळतं आहे.