ताटीपाशी बसणारी मुक्ताई



उमरखेड, दारव्हा, वणीकडच्या खेड्यांतून आपली मुले यवतमाळला कॉलेजात येतात. भाड्याची खोली, मेसचा डबा, उशाशी पुस्तके. कापसाचा भाव पडला की घरी कर्जाचे तगादे सुरू होतात. "आता तुझ्यावरच भिस्त," हे बापाचे एक वाक्य पोरगं रात्रभर उराशी धरून जागतं. परीक्षा आली की छाती धडधडते, घास उतरत नाही. अशा मुलांना ध्यान शिकवावे काय? आम्ही म्हणतो, अवश्य शिकवावे.

गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा. ज्ञानेश्वर महाराजांनी तो मराठीत किती प्रेमाने उलगडला! त्यात भगवंत आसन सांगतात, तसेच आहार व झोप बेताची ठेवायलाही सांगतात. अति जागणाऱ्याला योग साधत नाही. मन चंचल आहे, ही तक्रार तर प्रत्यक्ष अर्जुनाने केली. मग मन पळालं म्हणून पोराने स्वतःला का दोष द्यावा? सुटलेलं वासरू दावणीला आणतो, तसं मन हळूच नामावर आणावं. रोज दहा मिनिटे श्वासाबरोबर नाम घ्यावं. धडधड पुष्कळ निवते.

मात्र परीक्षेची धास्ती वेगळी आणि मनाचा आजार वेगळा. दोन-दोन आठवडे झोप नाही, कशात जीव रमत नाही, "मी नसलेलाच बरा" असे शब्द तोंडी येतात, तेव्हा "माळ घाल, सारं ठीक होईल" एवढ्यावर भागत नाही. एकट्याने डोळे मिटून बसल्याने काळे विचार कधी उलट दाटतात. आणि त्याची भक्ती कमी पडली, असे तर मुळीच म्हणू नये. लोकनिंदेने उबगून खुद्द ज्ञानोबा माउली ताटी लावून बसले होते, असे परंपरा सांगते. मुक्ताईने ताटी मोडली नाही. धाकटी असून ती दाराशी बसून बोलत राहिली.

आपला पंथ एकट्याचा नव्हे, दिंडीचा आहे. वाटेत पाय सुजले तर वारकरी डॉक्टरकडून औषध घेतो. त्याने विठोबा रुसत नाही. मनाच्या दुखण्याचेही तसेच. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे न्यावे. २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; रात्री-बेरात्री मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा आकडा पोथीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

मायबापहो, आजच मुलाला फोन लावा. मार्क विचारू नका. "जेवला का? झोप येते का? काहून बोलत नाही रे बाप्पा?" एवढेच विचारा, आणि तो बोलेल ते पुरते ऐका. पास हो, नापास हो, तू आमचाच, हे त्याला ऐकवा. एक एकादशी चुकली तर पुढली येते. गेलेलं लेकरू येत नाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!