सावलीचा हिशेब

२०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपं लावायचं ठरवलं, तेव्हा चर्चा सगळी आकड्याची झाली. झाडं मोजायची आपली रीतच ती: जुना कडुनिंब एक, काल लावलेलं रोपही एक. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हा हिशेब फसतो. तिथे झाडाकडून माणसाला आधी सावली हवी असते.

सावली मोजायला साधा टेप पुरतो. फांद्यांचं टोक जिथवर जातं त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करायची, समोरच्या बाजूला दुसरी; मग काटकोनात पुन्हा तेच. दोन्ही मापांची सरासरी म्हणजे झाडाचा पसारा. १२ मीटर पसाऱ्याचा कडुनिंब सुमारे ११३ चौरस मीटर जमीन झाकतो. तेवढ्या सावलीला मीटरभर पसाऱ्याची १४४ रोपं लागतील. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली; तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावायची. हा कडुनिंब ६० वर्षांचा धरला तर बदल्यात ६० रोपं येतील. कागदावर साठपट झाडं, जमिनीवर निम्म्याहून कमी सावली. तीही सगळी जगली तर.

अख्ख्या गावाचा अंदाज उपग्रहाच्या चित्रावरून येतो. चित्रावर कुठेही २०० ठिपके टाकायचे. त्यांतले ३० झाडांवर पडले, तर छत्र १५ टक्के. मात्र चित्र कोणत्या महिन्याचं, हे आधी पाहावं. कडुनिंब, पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात. तेव्हाच्या चित्रात गाव उघडंबोडकं दिसेल.

लाभ सांगतानाही हात आखडता घ्यावा. गावातल्या झाडांनी जगाचा कार्बन फारसा हटणार नाही. पण सावलीतला रस्ता तेवढा तापत नाही, भिंत रात्री तेवढी उष्णता ओकत नाही, पानांतून निघणारी वाफ भोवतालची हवा थोडी निववते. हा लाभ झाडापाशीच मिळतो, म्हणून गावाची सरासरी पुरेशी नाही. तहसीलच्या आवारात दाट छाया आणि आठवडी बाजारात भाजीवाली उन्हात, तरी टक्केवारी तीच निघते.

तेव्हा वृक्षगणनेत झाडाच्या नावापुढे पसारा लिहावा, आणि खाली कोण बसतं तेही. नव्या रोपांच्या खरेदीआधी जुन्या बुंध्यांभोवतीचं काँक्रीट फोडायला पैसे ठेवावेत. रोप पुढच्या पिढीची सोय आहे. येत्या मे महिन्याची सोय जुन्या झाडांनाच करायची आहे.