चौकटीबाहेरचा हात

एखाद्या माणसाने आपल्या ध्यासापायी स्वतः उपाशी राहावे, याचे आपण कौतुक करतो. पण त्याच ध्यासासाठी त्याने बायकोमुलांच्या तोंडचा घास पणाला लावावा काय? प्रश्न जुना आहे. आणि तो टाळून थोर कलावंताचे चरित्र प्रामाणिकपणे वाचता येत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचेच उदाहरण घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’मुळे दादासाहेबांचे नाव घरोघर पोहोचले. त्याआधीची त्यांची एक चिमुकली करामत मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९१२ साली ते लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले. आता भांडवलासाठी कोणाला तरी काही करून दाखविणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे टिपली. पडद्यावर तो महिना मिनिट-सव्वा मिनिटात सरला. बी फुटले, अंकुर वर आला, पाहता पाहता त्याचा वेल झाला! पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ करताना त्यांनी निर्जीव काड्यांनाही चालते केले. ज्याला आज आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो, त्याचा आपल्याकडील आरंभ हा असा झाला.

या कलेची रीत मोठी बोलकी आहे. काडी तसूभर सरकवायची, हात मागे घ्यायचा, एक चित्र टिपायचे. पुन्हा काडी सरकवायची. हात चित्रात दिसला की जादू संपली. वाटाण्याच्या कुंडीलाही महिनाभर कोणी तरी पाणी घातलेच असेल. तोही हात कुठे दिसत नाही.

फाळक्यांच्या संसारात असा हात सरस्वतीबाईंचा होता. त्यांच्याआधीचा संसार गोध्र्याला प्लेगने मोडला होता. पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली होती. छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, छापखाना असे उद्योग दादासाहेबांनी केले. छापखाना चांगला चालत असता भागीदारांशी बिनसले आणि तोही सुटला. चाळिशी उलटलेली, पोरेबाळे लहान, आणि अशा वेळी गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहून या गृहस्थाने चित्रपट काढण्याचे मनात घेतले! रात्रंदिवसाच्या खटपटीने काही काळ त्यांची दृष्टीच गेली. ती परत आली, पण ध्यास गेला नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, घरातल्या चीजवस्तू गेल्या, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

दागिने म्हणजे स्त्रीधन. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगी नवऱ्याने ते घेतले तर परत करण्याचे बंधन नाही, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. कलेचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे शास्त्राच्या नजरेने हे कर्जच होते.

आणि योगायोग असा, की या कर्जातून उभा राहिलेला चित्रपट हरिश्चंद्राचा! शब्दासाठी बायको आणि मुलगा विकणाऱ्या राजाची ती कथा. त्यात रोहिदासाचे काम दादासाहेबांच्याच मुलाने, भालचंद्राने केले. पुराणात “मला विका” असे राणी आपण होऊन म्हणते. सरस्वतीबाईंनीही दागिने आपण होऊन दिले, असे आपण म्हणतो. परंतु ज्या स्त्रीला ‘नाही’ म्हणायला कोणी शिकविलेच नाही, तिच्या ‘हो’चे मोल कसे करावे?

“पण चित्रपट यशस्वी झाला ना?” असे कोणी म्हणेल. खरे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये तो लागला आणि लोकांनी तो उचलून धरला. पण यशाने पण योग्य ठरत नाही. तो वाटाणा कुजला असता तर हेच दागिने देणे वेडेपणाचे ठरले असते काय? न्याय निकालावर अवलंबून राहिला, तर तो न्याय नव्हे, नशीब झाले.

माझ्या मते निवाडा दुसऱ्याच गोष्टीवर व्हावा. ज्याचे धन घेतले, त्याला कामात वाटा दिला काय? दादासाहेबांची बाजू इथे सावरते. त्यांनी पत्नीला ते काम शिकविले. कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, रसायने कालविणे ही कामे सरस्वतीबाई करीत. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. दागिने देऊन त्या माजघरात बसल्या नाहीत, कारखान्यात उतरल्या. एवढ्याने कर्ज फिटले, असे मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्याला त्याची जाणीव होती, एवढे तरी त्यातून दिसते.

उरलेले कर्ज आपल्यावर आहे. १९६९ पासून दादासाहेबांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, आणि तो उचितच आहे. मात्र असे चौकटीबाहेरचे हात प्रत्येक घरात असतात. कोणाच्या पदवीमागे आईच्या पाटल्या असतात, कोणाच्या दुकानामागे बहिणीचे मोडलेले शिक्षण. लक्ष्मीपूजनाला दागिने चौरंगावर मांडताना, जे आज तिथे नाहीत त्यांचीही एकदा मोजदाद करावी. आणि ते ज्यांचे होते, त्यांना त्यांच्या देखत तसे सांगावे.