मामाजींचा वजनकाटा

केळापूरच्या जगदंबेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याच्या टिनाच्या भिंतीवर एका निळ्या, बुटक्या गाडीचं पिवळं पडलेलं कात्रण चिकटवलेलं असे.

मिस्त्रीच्या भाच्यानं जुन्या स्कूटरच्या इंजिनावर चालणारा, पिकातलं तण काढायचा डवरा केला. पऱ्हाटीच्या दोन तासांतून तो फिरायचा होता. पण पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत चार पावलांतच आसापर्यंत रुतला. बांधावरची माणसं हसली.

"मामाजी, इंजिनात दमच नाही. नागपूरहून मोठं आणू."

मामाजींनी कात्रणाकडे बोट केलं. "हे पाहाय. फ्रान्सात समुद्राकाठी दिएप म्हणून गाव आहे. तिथं जाँ रेदेले रेनोच्या गाड्या विके. फोर सीव्ही ही रेनोची साधी घरगुती गाडी, इंजिन मागं, साडेसातशे सीसीचं. तीच घेऊन हा शर्यतीत उतरला. आल्प्सच्या घाटात नाव काढलं, म्हून १९५५ मध्ये जी कंपनी काढली तिचं नाव ठेवलं आल्पिन."

"मंग त्यानं मोठं इंजिन बनवलं असंल?"

"नाही रे. इंजिन रेनोचंच. त्यानं वजनाला हात घातला. अंगावर पत्र्याऐवजी फायबर. पुढं ही निळी ए-११० आली, तिच्या पोटात पाठीच्या कण्यासारखी एकच जाड लोखंडी नळी. १९७३ मध्ये माँटे कार्लोच्या रॅलीत पहिले तिन्ही नंबर हिचे. हिच्याहून मोठ्या इंजिनाच्या गाड्या मागं राहिल्या. त्या वर्षी जागतिक रॅलीचं अजिंक्यपद पहिल्यांदाच ठेवलं होतं, तेही हिनंच नेलं."

त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीत कंपनी रेनोच्या ताब्यात गेली, हेही मामाजींनी लपवलं नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. पोरासमोर नुसत्या जिंकल्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात.

भाचा गप्प झाला. मग उठून शेजारून कापूस तोलायचा काटा घेऊन आला. डवरा खोलून एकेक भाग काट्यावर चढवू लागला. अँगलचा सांगाडा एकट्या इंजिनाहून जड निघाला! दोन्ही बाजूंच्या जाड पट्ट्या तर कशासाठी लावल्या होत्या, हे त्यालाच आठवेना.

"मजबूत दिसावा म्हून," तो हळूच म्हणाला.

मामाजींनी कोपऱ्यातला पोकळ पाइप काढून त्याच्यापुढं ठेवला.

रात्री अकरा वाजता फरशीवर खडूनं लिहिलेले आकडे त्यानं पुन्हा एकदा बेरजेला घेतले, आणि कटरची पिन सॉकेटात खोचली.